क्लचचे कैवारी

ज्याच्या दारात गाडी उभी असते तो माणूस तिच्या हप्त्यांबद्दल बोलतो, सर्व्हिसिंगच्या बिलाबद्दल बोलतो, शेजाऱ्याने मारलेल्या ओरखड्याबद्दल तर चहाचा दुसरा कप येईपर्यंत बोलतो. पण गिअरबॉक्सचा आत्मा, क्लचचं तत्त्वज्ञान असल्या विषयांवर रक्त आटवून बोलणारा माणूस हवा असेल, तर तो बिनगाडीचाच शोधावा लागतो. स्टुटगार्टला भाच्याकडे राहायला गेलो तेव्हा असे चार जण मला एकाच सोफ्यावर सापडले.

स्टुटगार्ट म्हणजे पोर्शे आणि मर्सिडीज या दोघींचं माहेर. झुफेनहाउझेन नावाच्या भागात पोर्शेचा कारखाना आहे, तिथेच कंपनीचं संग्रहालय आहे आणि जवळच लोकलचं स्टेशन आहे. हे शहर १९६८ पासून मुंबईचं भगिनी-शहर. बहिणींचं रूप वेगळं असलं तरी वळण एकच: दोन्हीकडे माणसं बोलतात गाड्यांवर आणि जातात लोकलने. भाच्याची मित्रमंडळी अधूनमधून त्या संग्रहालयाची वारी करतात, तीही एस-सिक्स लोकलने, सगळ्यांत मिळून एक दिवसाचा ग्रुप पास काढून. जगातल्या अतिवेगवान गाड्यांचं दर्शन घ्यायचं आणि परतीच्या लोकलमध्ये पासाचे माणशी किती पडले यावर वाद घालायचा, असा तो कार्यक्रम असतो.

मंडळी घरी यायच्या आधी भाच्याने मला बाजूला घेतलं.

“मामा, एक विनंती. आज नव्या ९११ वर चर्चा होणार. ‘ॲव्हरेज किती देते’ असं कृपा करून विचारू नका.”

“का रे? चांगला प्रश्न आहे.”

“मागे एकाच्या सासऱ्यांनी विचारलं होतं. तो अजून सासुरवाडीला फोन करत नाही.”

मी शब्द दिला आणि पोह्यांची बशी घेऊन कोपऱ्यात बसलो.

चौघांत एक कोल्हापूरकर, एक सदाशिवपेठी, एक नागपूरकर आणि चौथा माझा भाचा, जो डोंबिवलीचा आहे आणि त्यामुळे कुठल्याही गर्दीत सामावून जातो. चौघेही इंजिनीअर. कुणी बँकेचं सॉफ्टवेअर बघतो, कुणी लिफ्टचं. गिअरबॉक्सशी एकाचाही पोटापाण्याचा संबंध नाही, त्यामुळे मतं अगदी स्वच्छ आणि ठाम आहेत.

आता ज्या गाडीवर हे भांडत होते तिच्याविषयी थोडं सांगायला हवं. पोर्शेची ९११ पहिल्यांदा १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात दिसली तेव्हा तिचं नाव ९०१ होतं. मध्ये शून्य असलेले तीन आकडी नंबर आमचे आहेत, अशी पजो कंपनीने हरकत घेतली आणि शून्याचा एक झाला. तेव्हापासून या गाडीत काहीही बदललं की कुणीतरी हरकत घेतंच. फक्त आता त्यासाठी पजो लागत नाही, आमचा कोल्हापूरकर पुरतो.

मे २०२४ मध्ये पोर्शेने या गाडीची सुधारित आवृत्ती आणली. मी पोचलो तेव्हा त्या गोष्टीला वर्ष होत आलं होतं, पण दुःख अजून ताजं होतं. पूर्वी स्टिअरिंगच्या मागे मधोमध आवर्तनं दाखवणारा खराखुरा काटा होता. आता तिथे स्क्रीन आहे आणि स्क्रीनवर काट्याचं चित्र आहे. पूर्वी गाडी सुरू करायला डाव्या हाताने कळ पिळावी लागे. का, तर ल मानच्या शर्यतीत ड्रायव्हर धावत येऊन गाडीत उडी मारायचे, डाव्या हाताने इंजिन सुरू करायचे आणि उजव्याने गिअर टाकायचे, अशी कथा आहे. आता डाव्या बाजूलाच बटण आहे, पण ते नुसतं दाबायचं.

“पिळण्यात जी मजा होती, ती दाबण्यात नाही,” कोल्हापूरकर म्हणाला आणि त्याने पोह्यांवर लिंबू पिळलं.

पण हे सगळं किरकोळ. खरा घाव होता गिअरचा. जीटीएस नावाच्या जोरदार मॉडेलमध्ये आता इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आली आहे, आणि ती मोटर बसवली आहे आठ गिअरच्या ऑटोमॅटिक पीडीके गिअरबॉक्सच्या पोटात. त्यामुळे त्या मॉडेलमधून मॅन्युअल गिअर गेला. क्लचचं पेडल गेलं.

“भावा, क्लच न्हाई तर डाव्या पायानं करायचं काय?” कोल्हापूरकराने विचारलं. आवाज असा लागला होता की मला वाटलं, पायच गेला.

सदाशिवपेठी पीडीकेवाला. त्याने चष्मा सारखा केला. “नवी जीटीएस नुर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ ट्रॅकवर सात मिनिटं सोळा पूर्णांक नऊशे चौतीस सहस्रांश सेकंदांत फिरली. आधीच्या जीटीएसपेक्षा आठ पूर्णांक सात सेकंद लवकर. ५४१ हॉर्सपॉवर. भावना बाजूला ठेवा आणि आकडे बघा.”

सेकंदाच्या हजाराव्या भागाचा हिशेब ठेवणारा हा गृहस्थ त्या दिवशी सव्वा तास उशिरा आला होता. लोकल चुकली म्हणाला.

मला पीडीके म्हणजे काय ते कळत नव्हतं. सदाशिवपेठीने समजावून सांगितलं. या गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात. पहिला, तिसरा, पाचवा असे विषम गिअर एका क्लचकडे. दुसरा, चौथा, सहावा असे सम गिअर दुसऱ्याकडे. गाडी तिसऱ्यात पळत असते तेव्हा चौथा आधीच लागून तयार असतो. एका क्लचने सोडायचं आणि दुसऱ्याने धरायचं, एवढंच उरतं. म्हणजे पंगतीत तुमच्या ताटातली पुरी संपायच्या आत दुसरी घेऊन मागे वाढपी उभा असावा, तसं.

“मला जेवताना मागं कुणी उभं राहिलेलं आवडत न्हाई,” कोल्हापूरकर म्हणाला.

वातावरण तापायला लागलं तेव्हा मी दिलेला शब्द पाळून, ॲव्हरेजचं नाव न काढता, आपला साधा प्रश्न विचारला: “मागे किती जण बसतात?”

चौघांनी माझ्याकडे पाहिलं. भाच्याने डोळे मिटले. पण मी अजाणता दुसरी आघाडी उघडली होती. झालंय असं, की नव्या ९११ कूपेत मुळात दोनच सीट येतात. मागच्या दोन सीट हव्या असतील तर तसं सांगावं लागतं. मात्र त्याचे वेगळे पैसे नाहीत.

“फुकट?” मी विचारलं.

“फुकट.”

“मग सांगायचं की!”

या एका मुद्द्यावर क्लचवाले आणि पीडीकेवाले यांचं ताबडतोब एकमत झालं. चौघांनी आपापले लॅपटॉप उघडले. कंपनीच्या वेबसाइटवर आपल्या मनासारखी गाडी सजवून बघायची सोय आहे. रंग निवडा, चाकं निवडा, शिलाईच्या दोऱ्याचा रंगसुद्धा निवडा. ही मंडळी रात्री झोपण्यापूर्वी हेच करतात असं भाचेसून म्हणाली. रंग, चाकं, दोरा यांवर चौघांचे चार पंथ झाले, पण फुकटच्या मागच्या सीटवर मात्र चौघांनीही टिचकी मारली. जी गाडी कुणीच घेणार नव्हतं, तिच्यात आता आठ जणांची मागे बसायची सोय झाली.

तुम्ही म्हणाल, मॅन्युअलवाल्यांच्या वाट्याला काहीच राहिलं नाही का? राहिलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने कॅरेरा टी आणली. तीन पेडलं, सहा गिअर आणि गिअरच्या दांड्याला अक्रोडाच्या लाकडाची मूठ. हिच्यात ऑटोमॅटिक मागूनही मिळत नाही. माझी समजूत अशी, की ही बातमी ऐकून कोल्हापूरकराने पेढे वाटले असतील.

“कसले पेढे? इंजिन साध्या कॅरेराचं, ३९४ हॉर्सपॉवरचं. जीटीएसचं द्यायला काय झालं होतं? आधीच्या टीला सात गिअर होते, आता सहाच. एक कुणी खाल्ला?”

“अरे, तूच म्हणायचास ना की सातवा गिअर नाटकी आहे, सहाच हवेत?” सदाशिवपेठी.

“ते आधी म्हणत हुतो. आणि खालचा गिअर टाकताना म्हणे रेस गाडीच देते, आपोआप. गिअर मी टाकणार आणि रेस ती देणार? मग मी गाडीत कोण?”

“बाप्पा,” नागपूरकर पहिल्यांदाच बोलला, “तू ईएमआय देशील न!”

भाच्याला मात्र हा विषय थट्टेवारी नेलेला आवडला नाही. त्याने घसा खाकरून आपली भूमिका मांडली. यंत्राने सगळंच करून टाकलं तर माणसाने करायचं काय? स्वतःच्या हाताने काही करण्यातला आनंद आपण हरवून बसलो आहोत, वगैरे. त्याच्या पायाशी त्या वेळी यंत्रमानव झाडू फिरत होता. स्वयंपाकघरात भांडी घासायचं मशीन घुरघुरत होतं. कॉफीचं यंत्र बिया दळून, दूध फेसाळून, शेवटी स्वतःला स्वतः धुऊनही घेत होतं. या घरात हाताने करायची म्हणून राखून ठेवलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे नसलेल्या गाडीचे गिअर बदलणं.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजी उभ्या होत्या. स्टुटगार्टकडे केरवोखं नावाची जुनी रीत आहे. बिल्डिंगचा जिना झाडायची पाळी आठवड्याने फिरते आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. पाटी भाच्याच्या दाराला होती. जिना तसाच होता.

आजींनी जर्मनमध्ये काय सांगितलं ते मला शब्दशः कळलं नाही, पण ‘स्वतःच्या हाताने करण्यातला आनंद’ हाच विषय असावा. भाचा झाडू घेऊन गेला. तो परत येईपर्यंत पोरांनी मला ९११ च्या सुतकांचा इतिहास ऐकवला.

१९६७ साली पोर्शेने स्पोर्टोमॅटिक काढला. त्यात गिअरचा दांडा होता, गिअर चार होते, पण क्लचचं पेडल नव्हतं. दांड्याला हात लागला की क्लच आपोआप सुटायचा. बोलता बोलता दांड्यावर हात टाकून बसायची ज्याची सवय, त्याचं इंजिन नुसतंच बोंबलायचं आणि चाकांना काही पत्ता नसायचा. लोक म्हणाले, संपली ९११. पुढे १९९० च्या सुमारास टिपट्रॉनिक नावाचा ऑटोमॅटिक आला. लोक म्हणाले, आता मात्र संपली. १९९७ मध्ये हवेवर थंड होणारं इंजिन जाऊन पाण्यावर थंड होणारं आलं. तेव्हा तर पुरती संपली. २००८ मध्ये पीडीके आला, तेव्हा उरलीसुरली संपली.

“मग अजून चालू कशी आहे?” मी विचारलं.

“तोच तर माझा मुद्दा आहे,” सदाशिवपेठी म्हणाला. “पीडीके मुळात ऐंशीच्या दशकात ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांत तयार झाला. शर्यतीत वाढलेला गिअरबॉक्स यांना आळशी वाटतो!”

पण सगळ्यांत मोठा आकांत २०१३ चा. त्या वर्षी जीटी-थ्री फक्त पीडीकेमध्ये आली. शर्यतवेड्यांसाठी बनवलेली गाडी, आणि तिच्यात क्लच नाही! जगभरचे भक्त खवळले. शेवटी २०१६ मध्ये कंपनीने ९११ आर काढली: मॅन्युअलच, आणि फक्त ९९१ गाड्या. आता भक्तांनी त्या घेऊन रस्ते दणाणून सोडायचे की नाही? भाव इतके चढले की कित्येकांनी गाडी गॅरेजात झाकून ठेवली. चालवली तर किलोमीटर वाढतात आणि किंमत उतरते. म्हणजे ज्या क्लचसाठी एवढा टाहो फोडला, त्या क्लचवर पाय ठेवायची हिंमत होईना. २०१७ मध्ये जीटी-थ्रीतही मॅन्युअल परत आला आणि मंडळींना नव्या तक्रारी शोधाव्या लागल्या.

“तुम्ही कोणती चालवायचात, मामा?” नागपूरकराने शिष्टाचार म्हणून विचारलं.

“फियाट. प्रीमियर पद्मिनी.”

सोफ्यावर एकदम शांतता पसरली. कोल्हापूरकर सरसावून बसला.

“म्हणजे... कॉलम शिफ्ट?”

“हो. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच.”

“पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसायचं ना?”

“नसायचं. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर आधी न्यूट्रल, मग रेस, मग पुन्हा क्लच. चुकलं तर सगळ्या आळीला कळायचं.”

“डबल क्लच!” तो उठून उभाच राहिला. “मामा, रोज डबल क्लच करायचात? काय फील असंल!”

मला आठवलेला फील सांगितला. बोरघाटात इंजिन तापलेलं, मागच्या सीटवर तीन माणसं आणि लोणच्याची बरणी, बॉनेटमधून वाफ, आणि हिचा आवाज: “तरी मी म्हणत होते, एशियाडने जाऊ.” मला वाटलं, ऐकून पोरं भानावर येतील. एकाने फोन काढून माझं बोलणं रेकॉर्ड करायला घेतलं. पद्मिनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातल्या कुणालाही कल्पना नसेल, की आपण तीस वर्षं ‘शुद्ध अनुभव’ बनवत होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. दिवसभर तो दांडा ओढून खांदा धरलेल्या एकाही टॅक्सीवाल्याने ‘फील’ हा शब्द उच्चारलेला मी ऐकलेला नाही. त्यांना फक्त हाफ रिटर्न हवं असायचं.

या उत्साहाच्या भरात ठरलं, की नुसतं बोलणं पुरे, आता अनुभव घ्यायचा. काळ्या जंगलातून, म्हणजे श्वार्झवाल्डमधून, बाडेन-बाडेन ते फ्रॉयडेनश्टाट असा डोंगरमाथ्यावरचा रस्ता जातो. बी-पाचशे त्याचं नाव. गाडीवेड्यांचं ते तीर्थक्षेत्र. भाड्याने मॅन्युअल गाडी घ्यायची आणि तिथे जायचं. भाड्यात मॅन्युअल स्वस्तही पडते, त्यामुळे तत्त्व आणि खिसा यांचं क्वचित जुळणारं गोत्र या वेळी जुळलं.

“कोल्हापूरकरांनी चालवायची,” मी म्हणालो. “मान त्यांचा.”

कोल्हापूरकर छताकडे बघू लागला.

“त्याला लायसन्स दाखवायला सांगा,” भाचेसून स्वयंपाकघरातून म्हणाली. “मागच्या बाजूला ७८ लिहिलंय का विचारा.”

मग उलगडा झाला. भारतीय लायसन्सवर जर्मनीत पहिले सहा महिनेच गाडी चालवता येते. पुढे राहायचं तर लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. प्रत्यक्ष परीक्षेत शेजारी शिकवणारा बसतो, मागे परीक्षक बसतो आणि रस्ते असतात स्टुटगार्टचे. हे शहर वाडग्यासारख्या खोलगट जागेत आहे. कुठूनही कुठेही जायचं तर चढ. चढावर सिग्नल, सिग्नलला गाडी बंद, आणि मागे परीक्षकाचं पेन. हे चित्र डोळ्यांसमोर आल्यावर मॅन्युअलच्या या कैवाऱ्याने परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर दिली. आणि जर्मन नियम असा आहे, की परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली तर लायसन्सवर ७८ हा आकडा पडतो. त्याचा अर्थ, फक्त ऑटोमॅटिक. बारा वर्षं कोल्हापूर ते पुणे क्लच झिजवलेला हा माणूस जर्मनीत कायद्याने मॅन्युअल गाडीला हात लावू शकत नव्हता.

“यावर उपाय आहे,” सदाशिवपेठी म्हणाला. त्याला नियम पाठ असतात. “एक एप्रिल २०२१ पासून. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मॅन्युअलचे किमान दहा तास घ्यायचे आणि त्यांची पंधरा मिनिटांची चाचणी द्यायची. ७८ जातो.”

“लावायचे हायत तास,” कोल्हापूरकर म्हणाला. “वेळच मिळत न्हाई.”

मॅन्युअल वाचवण्याच्या कामातून त्याला मॅन्युअल चालवायला सवड नव्हती.

उरलेल्यांत नागपूरकराने लायसन्स काढलेलंच नव्हतं. सदाशिवपेठीकडे दोन्ही प्रकारचं होतं, पण आपण तत्त्वाने पीडीकेवाले असल्यामुळे मॅन्युअलला स्पर्श करणार नाही, असं त्याने सांगितलं. राहता राहिला भाचा, आणि जोडीला दुसरा ड्रायव्हर म्हणून मी. माझं भारतीय लायसन्स आणि इंटरनॅशनल परमिट, दोन्हींची मुदत शाबूत होती. ९११ च्या भवितव्यावर वर्षभर भांडणाऱ्या त्या टोळक्यात क्लच दाबायला कायद्याने मोकळे आणि मनाने तयार असे आम्ही दोघेच निघालो, आणि त्यातल्या एकाला ९११ काय आहे ते गेल्याच आठवड्यात कळलं होतं.

निघालो. भाच्याने पहिले दहा किलोमीटर प्रत्येक गिअर एखाद्या सुरावर यावं तसा डोळे किंचित मिटून टाकला. मग ए-आठ महामार्गावर फोर्झहाइमजवळ गाड्यांची रांग लागली. पहिला, क्लच, न्यूट्रल. पहिला, क्लच, न्यूट्रल. स्वतःच्या हाताने काही करण्यातला आनंद त्याला इतक्या वेळा मिळाला, की थोड्या वेळाने तो म्हणाला, “मामा, पुढच्या पार्किंगला तुम्ही घ्या. डाव्या पोटरीत गोळा आलाय.”

“आलं लक्षात?” मी कोल्हापूरकराला म्हणालो. “डाव्या पायाने काय करायचं, विचारत होतास ना?”

मी घेतली. आता आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि गिअर डाव्या हाताने टाकतो. जर्मनीत बरोबर उलटं. मेंदूला हे मान्य होतं, हाताला नव्हतं. दुसरा गिअर टाकायला माझा डावा हात आपणहून दाराकडे जायचा आणि खिडकीची काच खाली यायची. तिसऱ्याला पुन्हा जायचा आणि काच वर. बाडेन-बाडेनच्या पुढे वळणावळणाचा चढ लागला तसे गिअर वाढले आणि काचेची वर्दळही वाढली. बाहेर अंगात कापरं भरवणारा वारा. मागच्या सीटवर नागपूरकराने कानटोपी काढून घातली. कोल्हापूरकर मात्र डोळे मिटून गिअरचा आवाज ऐकत होता. “आहाहा, मामा! हे खरं ड्रायव्हिंग.” सदाशिवपेठी आपला गिअर कुठल्या आवर्तनाला बदलायला हवा होता ते दर वळणानंतर मला कळवत होता.

मुमेलझे नावाच्या तळ्यापाशी थांबलो. आणि पार्किंगमध्ये पाहतो तो साक्षात ती! नवी ९११, ताजी. चौघेही गाडी थांबायच्या आत उतरले असते, पण मी दार उघडायला जाऊन पुन्हा काच खाली केली. गाडीजवळ सत्तरीचे एक जर्मन आजोबा केक खात उभे होते. भाच्याने ओळख काढली आणि चौघांच्या वतीने थरथरत्या आवाजात विचारलं, “मॅन्युअल की पीडीके?”

“ऑटोमॅटिक,” आजोबा म्हणाले. “गुडघा.”

“पण... क्लचची उणीव नाही जाणवत?”

“कशाला जाणवेल? गुडघा आहे ना.”

“आठ गिअर. कसे वाटतात?” सदाशिवपेठी.

“आठ आहेत?” आजोबांना आनंद झाला. “मला वाटलं, सहा असतील. छान पुढे जाते.”

चौघांचे चेहरे उतरले. नुर्बुर्गरिंगवरच्या वेळेची गोष्ट काढली, आजोबांना माहीत नव्हती. काट्याच्या जागी स्क्रीन आल्याचं सांगितलं, आजोबांनी डोकावून पाहिलं आणि “खरंच की,” म्हणाले. तेवढ्यात मागच्या सीटवरून एक लठ्ठ डॅक्सहुंड भुंकला. मागची सीट आजोबांनी मुद्दाम मागून घेतली होती, कुत्र्यासाठी. फुकट मिळाली हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते ५४१ हॉर्सपॉवरनेही आलं नसतं. त्या क्षणी ते मला आमच्यातलेच वाटले.

“आणि तुमची कोणती?” त्यांनी विचारलं.

भाच्याने भाड्याच्या छोट्या गाडीकडे बोट दाखवलं. “मॅन्युअल आहे,” तो हळूच म्हणाला.

आजोबांनी केकची बशी बॉनेटवर ठेवली आणि मान झुकवून आम्हाला दाद दिली. “मॅन्युअल! वा. खेळाडू माणसं आहात.”

कोल्हापूरकराची छाती दोन इंच फुगली. परतीच्या वाटेवर तो ते वाक्य जर्मनमध्ये, मराठीत आणि कोल्हापुरीत म्हणत होता. गाडी मीच चालवत होतो. काच बंद ठेवायचं काम भाच्याने उजवीकडे बसून, फक्त ‘मामा, दुसरा हात’ असं ओरडून केलं.

तर मॅन्युअल गिअर जगावा असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. निषेध पुरे झाले. कंपनी काही तुमच्या पोह्यांच्या बैठकीला कान लावून बसलेली नाही. तिला कळते ती फक्त ऑर्डर. कॅरेरा टी मॅन्युअलमध्येच येते. भारतात ९११ ची किंमत दोन कोटींच्या आसपास सुरू होते, ती चौघांत वाटून घेतली तर माणशी पन्नास लाख पडतात, आणि मागची सीट मागितली तर चौघांना एकदम बसताही येतं. ऑर्डर देऊन टाका. फक्त त्याआधी एकदा लायसन्स उलटं करून मागची बाजू वाचून घ्या.